मराठी माध्यमाचं हायस्कूल, कर्नाटक बोर्ड आणि एआय: कुठे चालतं, कुठे फसतं

खडूफळा
चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. आता तर गूगलचं जेमिनी बऱ्याच नव्या फोनमध्ये आधीपासूनच असतं. मुलं वापरतातच, त्यामुळे 'वापरू द्यावं का' यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये. आपला प्रश्न वेगळा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात आपण शिकवतो मराठीत, परीक्षा कर्नाटक बोर्डाची आणि कार्यालयाची पत्रं कन्नडमध्ये. ही तिन्ही एकत्र आली की यंत्र, म्हणजे हे एआय, ठरावीक जागी घसरतं. त्या जागा आणि त्यावरचे उपाय एका ठिकाणी असावेत म्हणून हा धागा.

पहिली जागा: मराठीत 'दहावी' लिहिलं की ते सरळ महाराष्ट्रात जातं. विज्ञान भाग १, विज्ञान भाग २, चाळीस-चाळीस गुण, असं सगळं गृहीत धरतं. आपल्या एसएसएलसीत, म्हणजे कर्नाटकच्या दहावीत, विज्ञानाचा एकच पेपर, ८० लेखी आणि २० अंतर्गत. प्रथम भाषा १०० अधिक २५. गणित-विज्ञानाची पुस्तकं एनसीईआरटीच्या धर्तीची, म्हणजे पाठांचा क्रमही महाराष्ट्रापेक्षा वेगळा.

उपाय: प्रत्येक वेळी पहिली ओळ अशी लिहा. 'कर्नाटक एसएसएलसी, मराठी माध्यम. सोबत पाठाच्या पानांचे फोटो आहेत. या पानांबाहेरचं काही घालू नको. विचारलेलं पानात नसेल तर "पानात नाही" एवढंच लिही.' पाच-सहा उत्तरांनंतर ते हळूहळू या चौकटीबाहेर सरकतं, म्हणून दर पाठाला नवा संवाद उघडायचा आणि फोटो पुन्हा द्यायचे. जुन्याच संवादात पुढचा पाठ चालवला तर आधीच्या पाठातल्या व्याख्या यात मिसळतात.

आता आपापल्या विषयातलं लिहा.

गणितवेडा
फोटोबद्दल आधी सांगतो, कारण अर्ध्या चुका तिथेच जन्मतात. पुस्तकाची पीडीएफ श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात असेल तर मजकूर कॉपी करून उपयोग नाही, रोमन अक्षरांचा गिचमिडा मिळतो. पानाचा फोटोच घ्यायचा. दिवसाच्या उजेडात, एका वेळी एक पान, पान सपाट ठेवून. मग यंत्राला आधी 'जे वाचलंस ते जसंच्या तसं लिहून दाखव' म्हणायचं आणि घातांक तपासायचे. प्रकाशाच्या वेगातला 'दहाचा आठवा घात' चक्क एकशे आठ होऊन येतो. अपूर्णांकाची आडवी रेघ गेली की अंश आणि छेद शेजारी-शेजारी बसतात. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. ती टाळली तर पुढची सगळी उदाहरणं चुकीच्या पायावर उभी राहतात.

फायदा सगळ्यात जास्त कुठे, तर बहुपर्यायी प्रश्नांचे चुकीचे पर्याय बनवायला. नुसतं 'दहा प्रश्न दे' म्हटलं तर पर्याय ओळखू येण्याइतके भलते असतात, आणि बरोबर उत्तर बऱ्याचदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी बसतं. त्याऐवजी मुलांच्या चुका आपण सांगायच्या. समजा ७, १०, १३ या श्रेढीचं २० वं पद काढायचं आहे. बरोबर उत्तर ६४. आता पर्याय असे: 'न वजा एक'च्या जागी 'न' घेतला की ६७, दोन वजा केले की ६१, पहिलं पद मिळवायचं राहिलं की ५७. मुलाने कुठला पर्याय निवडला यावरून त्याची गाडी कुठे अडली ते कळतं. हा नमुना एकदा दिला की त्याच धर्तीचे वीस प्रश्न यंत्र झटपट काढतं. उत्तरं मात्र वहीत स्वतः सोडवून पाहायची, वीसच्या वीस.

पूर्ण पेपर एका दमात मागू नका. गणिताच्या ८० गुणांचा नेहमीचा साचा बघा: एका गुणाचे बहुपर्यायी ८, एका गुणाचे साधे ८, दोनचे ८, तीनचे ९, चारचे ४, पाचचा १, असे ३८ प्रश्न. एकदम मागितलं तर मोजणी चुकते, एकाच पाठावरचे चार प्रश्न येतात आणि खाली बेरीज मात्र ८० लिहून येते. म्हणून गटागटाने मागायचं, पाठांची नावं प्रत्येक गटाला वाटून द्यायची, आणि बेरीज आपण करायची.

आम्ल_आम्लारी
विज्ञानात घोळ होतो तो हिंदीमुळे. यंत्राच्या पोटात हिंदी मजकूर मराठीपेक्षा कितीतरी जास्त आहे, लिपी तीच, त्यामुळे शब्द आपोआप सरकतात. पेशीची 'कोशिका' झाली, रोधाचा 'प्रतिरोध' झाला तर निदान लक्षात तरी येतं. एकरूप त्रिकोणांना 'सर्वांगसम' म्हटलं तरी मूल विचारतं. खरा धोका जो शब्द दोन्हीकडे आहे पण अर्थ वेगळा आहे, त्याचा.

'क्षार' घ्या. मराठीत आम्ल आणि आम्लारी यांची अभिक्रिया होऊन क्षार आणि पाणी मिळतं. म्हणजे क्षार हे फलित. मीठ हा क्षार. हिंदीत त्याला 'लवण' म्हणतात आणि 'क्षार' हा शब्द आम्लारीच्या बाजूचा. यंत्र मराठीत लिहिता लिहिता मध्येच 'आम्ल आणि क्षार यांच्या अभिक्रियेतून' असं लिहून जातं. वाक्य गुळगुळीत असतं, वाचताना खटकत नाही, आणि मुलाच्या डोक्यात क्षार उलट्या बाजूला जाऊन बसतो. उदासिनीकरणाचा अख्खा पाठ त्याने बिघडतो.

यावर एकच खात्रीचा उपाय: पाठागणिक शब्दांची यादी. पुस्तकात छापलेला शब्द डावीकडे, टाळायचा शब्द उजवीकडे, एका पाठाला १५ ते २० जोड्या. ही यादी सूचनेत चिकटवायची आणि शेवटी लिहायचं, 'डावीकडचेच शब्द वापर.' उत्तर आलं की उजवीकडचा प्रत्येक शब्द शोधून पाहायचा. गणितात 'अंकगणिती'च्या जागी 'समांतर' श्रेढी येते तीही यातच पकडली जाते.

आकडेमोडीतही सावध राहा. ४ ओहम आणि १२ ओहम समांतर जोडले तर ३ ओहम. तुमच्या पद्धतीने चुकीचे पर्याय बनवायचे तर १६ म्हणजे मुलाने एकसर समजून बेरीज केली, आणि एक तृतीयांश म्हणजे शेवटी व्यस्त करायचं राहिलं. विद्युत मंडलाच्या (परिपथाच्या) आकृत्या मात्र यंत्राकडून काढून घेऊ नका. चित्रात तारा अर्धवट लोंबतात, अमीटर समांतर जोडलेला दिसतो. फळ्यावर खडूने काढलेली आकृतीच बरी.

मलप्रभाकाठ
खानापूरकडच्या कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, हे धरून बोलूया. वर्गात थेट यंत्र चालवायचं नियोजन तिथे तासाच्या मधेच कोलमडतं. ४० मिनिटांतली १० जोडणीतच जातात.

तिथे जमणारी रीत: सगळं काम घरी किंवा रेंज असेल तिथे आदल्या दिवशी उरकायचं, वर्गात फक्त कागद न्यायचा. ए-फोर कागदावर मधोमध रेघ मारून एकच सराव दोनदा, अक्षर १४ चं. ४० मुलांना २० कागद पुरतात, म्हणजे २० झेरॉक्स. पण एकच सराव सगळ्यांना देऊ नका. एकाच उदाहरणाचे आकडे बदलून 'अ' आणि 'ब' असे दोन संच यंत्राकडून करून घ्या आणि कागदाच्या दोन अर्धांवर छापा. शेजारी बसलेल्यांना वेगळे संच मिळतात, नक्कल थांबते, खर्च तेवढाच. हे काम हाताने करायला तास लागतो, यंत्राला मिनिट. माझ्या मते एआयचा आपल्या शाळांना सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे. बाकीचं दुय्यम.

शाब्दिक उदाहरणं आपल्या शिवारातली मागा: ऊस, तंबाखू, बटाटा, आठवडी बाजार. आकडे मात्र तपासा. एकरी ४०० टन ऊस असं सहज लिहून देतं, आणि शेतकऱ्याचं पोर पहिल्या ओळीलाच अडतं.

द्विभाषी
कन्नडच्या दोन बाजू आहेत, कार्यालयाची आणि वर्गाची.

कार्यालयाचं परिपत्रक मराठीत करून घेणं ही मोठी सोय आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण शब्द सारखे आणि अर्थ वेगळे हा धोका इथेही आहे. कन्नडमधलं 'प्रौढशाले' म्हणजे हायस्कूल. मराठीत उतरताना त्याची 'प्रौढ शाळा' होते, जणू मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग. 'हिरिय प्राथमिक शाले' म्हणजे उच्च प्राथमिक, तिची 'ज्येष्ठ प्राथमिक' होते. 'तिद्दुपडिगे अवकाश' म्हणजे दुरुस्तीची संधी. त्यातला 'अवकाश' तसाच राहिला तर वाचणारा सुट्टी समजतो आणि नामावलीतली दुरुस्ती राहून जाते. म्हणून अनुवाद झाला तरी तारीख, शेवटची मुदत आणि कुणाला लागू आहे ही तीन ठिकाणं मूळ पत्रात बोट ठेवून वाचायची. पत्रात आकडे कन्नड असतील तर सहा आणि नऊ दिसायला जवळचे, फोटो पुसट असेल तर त्यांची अदलाबदल होते.

आता वर्ग. मुलांना कन्नड वाक्यं देवनागरीत लिहून देण्याचा मोह होतो, यंत्र ते लगेच करतं. कृपया करू नका. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ 'ओ' वेगळे आहेत. ऱ्हस्व 'कोडु' म्हणजे दे, दीर्घ 'कोडु' म्हणजे शिंग. देवनागरीत दोन्ही एकच दिसतात. 'ए'चंही तसंच. शिवाय कन्नड लिपी वाचायची सवयच लागली नाही तर पेपरात मूल तिथेच थांबतं.

चांगला वापर असा: पाठातले दहा शब्द द्यायचे आणि 'फक्त हे शब्द आणि अगदी सोपी क्रियापदं वापरून कन्नड लिपीत पाच वाक्यं लिही, प्रत्येक वाक्य सहा शब्दांपर्यंत' असं मागायचं. खाली मराठी अर्थ. अर्थाची बाजू दुमडून आधी मोठ्याने वाचायचं, मग उलगडायचं. फोनवर ते वाक्य ऐकताही येतं, घरात कुणाला कन्नड येत नसेल तर हा आधार खरंच मोलाचा आहे. वाक्यं वर्गात नेण्याआधी कन्नडच्या शिक्षकांना दाखवून घ्या.

चिक्कोडीचा_पालक
सगळ्या सर-मॅडमना नमस्कार. तुमचं सगळं शिक्षकांच्या बाजूचं झालं. मुलगा गृहपाठाचा फोटो काढतो, उत्तर येतं, वहीत उतरवतो. वही सुंदर, घटक चाचणीत गुण नाहीत. घरी आम्ही काय करायचं, आणि शाळेने काय करायचं?

खडूफळा
तुमचा प्रश्न या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये सुमारे हजार मुलांवर गणिताचा प्रयोग झाला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला साधा चॅटजीपीटीसारखा सहायक दिला, दुसऱ्याला उत्तर न देता फक्त इशारे देणारा, तिसऱ्याला काहीच नाही. सराव करताना पहिल्या गटाचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले, दुसऱ्याचे १२७ टक्क्यांनी. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. पहिला गट यंत्र कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. इशारेवाल्या गटाचं ते नुकसान जवळजवळ भरून निघालं. तुमच्या मुलाची वही आणि चाचणी यांच्यातलं अंतर हेच आहे.

त्या इशारेवाल्या सहायकाला शिक्षकांनी आधीच बरोबर उत्तर आणि मुलांच्या नेहमीच्या चुका पुरवल्या होत्या. ही खुबी आपल्यालाही करता येते. घरी सूचना अशी द्या: 'हे उदाहरण, हे त्याचं पुस्तकातलं उत्तर. मला उत्तर सांगू नको, पायऱ्याही लिहू नको. मी केलेल्या पायऱ्यांचा फोटो देतो. पहिली चुकलेली पायरी कुठली तेवढं सांग आणि एक प्रश्न विचार.' मुलाने आधी कागदावर काहीतरी केलेलं असलं पाहिजे, नाहीतर फोन उचलायचा नाही. घरात एवढा एकच नियम पाळला तरी पुष्कळ.

शाळेने करायचं ते असं. गृहपाठाच्या वहीला गुण देणं थांबवायचं. रोज ४० पैकी पाच मुलं हजेरीच्या क्रमाने न घेता, आदल्या दिवशीच्या गृहपाठातली फक्त दुसरी किंवा तिसरी पायरी फळ्यावर करायला लावायची आणि 'हे इथे का आलं' विचारायचं. प्रत्येकी दोन मिनिटं, एकूण दहा. उतरवलेलं असेल तर पहिल्याच 'का'ला कळतं.

आम्ल_आम्लारी
वीस अंतर्गत गुणांतल्या प्रकल्पांनाही हेच लागू. आता छापील प्रकल्पात पाहण्यासारखं काही राहिलं नाही. मोजमाप मुलाने स्वतः करायचं असा विषय द्या. उदाहरणार्थ घरचा हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) मीटर: रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी आकडा, १५ दिवस. १५ नोंदी म्हणजे १४ दिवसांचा वापर, तिथेच निम्मी मुलं चुकतात आणि ती चूक शिकवण्याजोगी आहे. मग सरासरी, मध्यक, आलेख आणि बिलाशी ताळमेळ. यंत्राने बनवलेले आकडे फार सरळ असतात. खऱ्या नोंदींत वीज गेलेला दिवस दिसतो, पाहुणे आलेला दिवस दिसतो. कागदावर पेन्सिलीने घेतलेली कच्ची नोंद प्रकल्पाला जोडलेली हवीच.

मलप्रभाकाठ
इथे माझं थोडं वेगळं मत आहे. इशारे देणारा सहायक दहावीला ठीक. आठवीच्या मुलाच्या हाती तोही नको. आठवीत बीजगणिताची सवय लागायची असते, चुकत चुकत. 'पहिली चूक कुठे' हे दुसऱ्याने सांगितलं की स्वतःची चूक हुडकायची सवयच लागत नाही. आठवी-नववीला एआय फक्त शिक्षकाच्या हाती असावं.

शिवाय वयाचा मुद्दा आहे. युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शनात वर्गातल्या वापरासाठी किमान १३ वर्षं सुचवली आहेत. चॅटजीपीटीच्या अटींतही १३ खालच्यांना मनाई आणि १८ खालच्यांना पालकांची संमती. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ खालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे. म्हणून मुलांची नावं, सॅट्स क्रमांक (सरकारी ऑनलाइन नोंदीतला विद्यार्थ्याचा क्रमांक), आधार, गुणपत्रकाचा फोटो, यातलं काहीही यंत्राला द्यायचं नाही. विश्लेषण करायचं तर नावाच्या जागी १, २, ३ लिहून द्या.

खडूफळा
आठवीबद्दल तुमचं म्हणणं पटलं. नववीला मात्र दुसऱ्या सत्रापासून, वर्गात, शिक्षकासमोर दाखवायला हरकत नसावी.

निपाणीकर
निबंध तपासायला एआय घेणाऱ्यांना कळकळीची विनंती: गुण देऊ देऊ नका. दहापैकी सात-आठ सगळ्यांना वाटतं, आणि तोच निबंध दुसऱ्यांदा दिला तर वेगळे गुण देतं.

'शुद्ध कर' म्हणून सांगितलं तर मुलाची भाषाच पुसतं. 'परड्यात आजीनं वाळवण घातलं होतं' याचं 'घराच्या मागील अंगणात आजी पापड सुकवत होती' होतं. परडं गेलं, वाळवण गेलं, नुसतं सुकवणं आलं. आपल्या भागातली मराठी आधीच दोन्ही बाजूंनी दाबली जाते, ती मुलांच्या वहीतून आपणच हद्दपार करू नये. सूचना द्यायची ती एवढीच: 'फक्त ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हांच्या चुका दाखव, एकही शब्द बदलू नको.' तरी एखादा बदलतंच, म्हणून मूळ कागद शेजारी ठेवा.

आणि 'हा निबंध एआयने लिहिला का' सांगणाऱ्या साइटवर विसंबून कुणा मुलावर आळ घेऊ नका. ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी झालेल्या एका अभ्यासात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध अशा साधनांनी यंत्राचे ठरवले. इंग्रजीत ही गत, मराठीत तर विचारायलाच नको. त्यापेक्षा पहिला कच्चा खर्डा वर्गात १५ मिनिटांत लिहून घ्या, घरी फक्त तोच वाढवायला सांगा.

वृत्तगण
व्याकरणात यंत्र सपशेल पडतं ती जागा म्हणजे वृत्त. कारण साधं आहे: ते अक्षरं बघत नाही, मजकुराचे तुकडे बघतं. 'क्षा' आपल्याला एक अक्षर, संगणकात ती क, हलन्त, ष, काना अशी चार चिन्हं. म्हणून मोजणी बिघडते. भुजंगप्रयाताच्या चरणात चार य गण, लघु-गुरू-गुरू चार वेळा, १२ अक्षरं. यंत्र ११ किंवा १३ मोजतं आणि जोडाक्षराआधीचा लघु गुरू होतो हे विसरतं. याचाच तास करा. यंत्राने केलेली गणपाडणी फळ्यावर लिहा आणि मुलांना तपासू द्या.

इतिहासबाई
वृत्तगण सरांचीच रीत समाजविज्ञानात फार चांगली चालते. यंत्राकडून १२० शब्दांचा उतारा घ्यायचा, त्यात मुद्दाम तीन चुका पेरायला सांगायच्या, मुलांनी पुस्तक उघडून त्या शोधायच्या. विषय आपल्याच मातीतला घ्या: बेळगावचं १९२४ चं काँग्रेस अधिवेशन. गांधीजी अध्यक्ष झाले ते एवढ्या एकाच अधिवेशनात. पेरलेली चूक अध्यक्षांच्या नावात असेल, महिन्यात असेल, ठिकाणात असेल. कित्तूरचा १८२४ चा लढा, नंदगडला संगोळ्ळी रायण्णांना १८३१ मध्ये दिलेली फाशी, हेही विषय उत्तम, कारण १८२४ आणि १९२४ यांत मुलंही गोंधळतात.

धोका एकच, पण मोठा: तीन चुका मागितल्या तरी चौथी ते नकळत घालतं, आणि ती उत्तरसूचीत नसते. म्हणून उतारा वाटण्याआधी एकेक वाक्य पुस्तकाशी ताडून बघायचं. चौथी सापडली तर काढू नका. उत्तरसूचीत चार लिहा, मुलांना तीनच आहेत म्हणून सांगा, आणि चौथी शोधणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहा.

आम्ल_आम्लारी
धागाकर्ते सर, शब्दयाद्या एकत्र करूया. प्रत्येकाने एक पाठ. साध्या तक्त्यात तीनच रकाने: पुस्तकातला शब्द, टाळायचा शब्द, पान क्रमांक. युनिकोडमध्येच टंकायचं, म्हणजे फोनवरून कॉपी करता येईल. मी 'आम्ल, आम्लारी आणि क्षार' आणि 'विद्युत' हे दोन घेतो.

गणितवेडा
श्रेढी आणि त्रिकोण माझ्याकडे. पान क्रमांकासोबत पुस्तकाचं छपाईचं वर्षही लिहा, नव्या आवृत्तीत पानं सरकतात.

द्विभाषी
कन्नड-मराठीतल्या फसव्या शब्दांची वेगळी यादी मी सुरू करते. परिपत्रकात असे शब्द कुणाला दिसले तर पूर्ण वाक्यासकट इथे टाका, नुसत्या शब्दावरून अर्थ ठरत नाही.